चि. टिलवा यास, मुक्काम कुरुद, भिलाई

चि. टिलवा यास अनेक आशीर्वाद.

मायना लिहिताना हात जरा अडखळला. तू वयाने लहान असशील हे मी केवळ तुझ्या आकारावरून धरून चाललोय. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम पाच इंच आणि वजन अर्ध्या छटाकाच्या आतबाहेर. पण तुझ्याएवढेच काही चिखलपक्षी दहा वर्षांहून अधिक जगल्याचं त्यांच्या पायात घातलेल्या क्रमांकाच्या वाळ्यांमुळे सिद्ध झालंय. म्हणजे तू इकडे यायची वाट माझ्या नातवाच्या जन्माआधीपासून तुडवत असशील. तेव्हा आशीर्वाद नको असेल तर नमस्कार समज.

हिवाळ्यात कुरुदच्या तरियाचं, म्हणजे तळ्याचं, पाणी ओसरतं आणि काठाला ओल्या चिखलाचा एक पट्टा उघडा पडतो. तेवढीच तुझी जागा. एका अंगाला पचरीवर, म्हणजे घाटाच्या पायऱ्यांवर, बायका कपडे आपटत असतात, दुसऱ्या अंगाला म्हशी बसलेल्या, मधल्या उथळ पाण्यात कोकडे, म्हणजे बगळे, ध्यान लावून उभे. जामुलकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर सतत चालू. या सगळ्यात तू चार पावलं पळतोस, तीन ठिकाणी टोचतोस, पुन्हा पळतोस. काठावरून जाणाऱ्या माणसाला तू दिसतच नाहीस, कारण तुझी पाठ आणि चिखल एकाच रंगाचे. दिसलास तरी चिमणीचं पोर चुकून पाण्याकडे आलंय असं वाटावं. आमच्या भिलाईत तुझ्यापेक्षा मोठ्या, रंगीत पाहुण्यांचं कौतुक फार. हंस आले की फोटो येतात. टिलवा आला हे कुणी छापत नाही.

तू कुठून येतोस, असं विचारलं की सगळे एका सुरात सांगतात, सायबेरियातून. उत्तर चूक नाही, पण त्यात माहिती किती? तुझ्या जातीची विणीची जागा नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सुरू होते आणि रशियाच्या टुंड्रा प्रदेशातून थेट न्यू सायबेरियन बेटांपर्यंत जाते. हिवाळ्यात तुम्ही आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून भारतीय उपखंडापर्यंत पसरता. आता या एवढ्या रुंद पट्ट्यातला कुठला टिलवा कुठे उतरतो? कुरुदला येणारा नॉर्वेचा की लेना नदीच्या मुखाचा? येताना कॅस्पियन समुद्राला वळसा घालतोस की हिमालय ओलांडतोस? दरवर्षी इथेच येतोस की पाणी दिसेल तिथे उतरतोस? दुर्बिणीतून तासन् तास पाहिलं तरी यातलं काहीही कळणार नाही, कारण एक टिलवा दुसऱ्या टिलव्यासारखाच दिसतो. तू तूच आहेस हे ओळखायचं साधन हवं. ते साधन म्हणजे पायातला वाळा. वाळा घातलेला पक्षी म्हणजे नाव-गाव लागलेला पक्षी.

ही युक्ती एका शाळामास्तराची. डेन्मार्कमधल्या विबोर्गच्या हान्स ख्रिश्चन कॉर्नेलियस मॉर्टेन्सन यांनी आधी जस्ताचे वाळे करून पाहिले, ते जड पडले. मग 1899 मध्ये त्यांनी अॅल्युमिनियमच्या वाळ्यांवर क्रमांक आणि पत्ता कोरून ते स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात चढवले. पत्ता कोरण्यातच सगळी हुशारी होती. पक्षी जिथे सापडेल तिथला अनोळखी माणूस पत्र पाठवेल, एवढ्या एका भरवशावर ते शास्त्र उभं राहिलं. आजही ते त्याच भरवशावर चालतं.

आपल्याकडे हे काम पहिल्यांदा झालं ते धार संस्थानात, 1927 च्या सुमारास. धारचे राजे पवार, म्हणजे मराठेच. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, त्यांच्या आश्रयाने वाळे घालायला सुरुवात केली. त्या काळी संस्थानिक म्हटलं की बदकांच्या शिकारीच्या मेजवान्या आणि मेलेल्या पक्ष्यांच्या राशीसमोर काढलेले फोटो. तशा काळात पकडलेला पक्षी जिवंत सोडून द्यायला पैसे देणारा दरबार निघाला, याची नोंद मराठी माणसाने करून ठेवायला हवी. तिकडे माळव्यात पवार, इकडे आमच्या छत्तीसगढात अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसले. मराठी राज्य असं ठिकठिकाणी सांडलेलं होतं. त्यातलंच थोडं पुढे रेल्वेने आणि पोलाद कारखान्याच्या नोकऱ्यांनी इथे आणलं. माझे वडील त्या नोकऱ्यांच्या लाटेतले.

पण खरं मोठं काम सुरू झालं ते एका तापामुळे. 1957 मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं आजारी पडली. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या लोकांना हा माकडताप वेगळा सांगायला नको. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, विषाणू शोधला. तो रशियातल्या गोचिडीतून पसरणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा सख्खा भाऊ निघाला. मग संशय कुणावर? तुझ्यावरच. रशियातून उडत येणारे तुम्ही, तुमच्या अंगावर गोचिडी, गोचिडीत विषाणू. पक्षीशास्त्रज्ञ सालीम अली बरीच वर्षं वाळ्यांच्या मोठ्या मोहिमेसाठी पैसा शोधत होते. या संशयामुळे जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली आणि 1960 च्या आगेमागे बीएनएचएसचा स्थलांतर प्रकल्प उभा राहिला. देशभर जाळी लागली. पक्षी पकडायचे, गोचिडी वेचायच्या, रक्त घ्यायचं, वाळा घालायचा, सोडायचं. विषाणू तुम्ही आणलात याचा पुरावा काही मिळाला नाही. तुम्ही निर्दोष सुटलात आणि खटल्याच्या निमित्ताने तुमची माहिती मात्र गोळा होऊ लागली. विज्ञानाला पैसा असाच, भलत्याच दारातून मिळतो.

पुढच्या दशकात पैशाचं दार आणखी भलतं निघालं. अमेरिकी लष्कराच्या खर्चाने पूर्व आशियात पक्ष्यांच्या आजारांची एक पाहणी 1963 ते 1971 या काळात चालली होती. तिचा काही निधी इकडेही आला. मग 1974-75 मध्ये वृत्तपत्रांत आणि संसदेच्या लोकलेखा समितीत गदारोळ झाला. पक्ष्यांच्या वाटा शोधण्यामागे जंतुयुद्धाची तयारी तर नाही ना? सालीम अलींनी आरोप साफ नाकारला. आज मागे वळून पाहताना मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. लष्कराच्या पैशाबद्दल प्रश्न विचारणं हे संसदेचं कामच होतं. पण त्या संशयाची सावली वाळे घालण्याच्या कामावर पुढे बराच काळ राहिली, आणि त्याची किंमत तुझ्यासारख्या बारक्या पक्ष्यांविषयीच्या अज्ञानात मोजावी लागली.

क्यासनूरच्या तापाच्या सुमाराला आमच्या भिलाईत काय चाललं होतं? फेब्रुवारी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. रशियन इंजिनिअर, त्यांच्या बायका, मुलं, दुभाषे, सगळे इथे राहिले. त्यांच्या येण्याजाण्याची कागदपत्रं दोन सरकारांनी जपून ठेवली. पुढे दोन देशांच्या मैत्रीच्या नावाने मैत्री बाग उभी राहिली. त्याच देशातून दर हिवाळ्यात तूही येत होतास, कुणाच्या करारात नसताना. भारतात वाळा घातलेले पक्षी सोव्हिएत हद्दीत सापडत, त्यांची खबर मॉस्कोच्या केंद्रामार्फत मुंबईला येई. तिकडचे मॉस्को कोरलेले वाळे आपल्या तळ्यांवर मिळत. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकी पैशाने घातलेल्या वाळ्याची बातमी रशियन शिकारी टपालाने कळवतोय, ही गंमत मला भिलाईत राहून फार जवळची वाटते.

आता तुला जो प्रश्न सगळ्यात आधी पडायला हवा तो मीच काढतो. तुला पकडायचा आम्हाला काय अधिकार?

पकडतात कसं ते आधी. केसासारख्या बारीक धाग्याचं, उभं ताणलेलं, काळं जाळं असतं. तिन्हीसांजेला किंवा अंधारात ते दिसत नाही. तू येऊन आदळतोस आणि खालच्या झोळात पडतोस. बिहारातले मीरशिकारी पिढीजात पारधी. ते काठावर फासांच्या माळा लावून किंवा पाखरांच्या हालचाली ओळखून हाताने ओढायच्या जाळ्याने पकडत. बीएनएचएसने त्यांनाच सोबत घेतलं. त्यांतले अली हुसेन हे नाव पक्षी-अभ्यासकांत आदराने घेतलं जातं. कुठला पक्षी कुठल्या वेळी कुठल्या चिखलावर उतरेल हे पदवीधरांना त्यांच्याकडून शिकावं लागलं. जे कसब विकण्यासाठी पक्षी धरत होतं तेच सोडण्यासाठी धरू लागलं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे, पण कागदोपत्री मीरशिकाऱ्यांची नावं तळटीपेत आणि डॉक्टरांची मुखपृष्ठावर असतात.

जाळ्यातून सोडवून तुला सुती पिशवीत ठेवतात. अंधारात तू शांत होतोस. मग एक माणूस तुझी मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरतो, अंग तळहातात. चिमट्याने वाळा पायाभोवती मिटवतात, तो सैल फिरला पाहिजे पण घसरता कामा नये. पंख पट्टीवर मोजतात, चोच कॅलिपरने. कुठलं पीस जुनं, कुठलं नवं, कुठलं अर्धं उगवलेलं, हे एकेक करून लिहितात. वजन करतात. जाणकार हाताला हे सगळं करायला काही मिनिटं पुरतात. मग हात उघडतो. घाबरतोस, यात शंका नाही. एखादा दगावतोही, आणि ते लपवू नये. म्हणूनच 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनखात्याच्या परवानगीशिवाय कुणी तुला हात लावू शकत नाही, आणि वाळे घालायचे तर प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनीच. हौशी लोकांनी हे करू नये असं माझं ठाम मत आहे. मलाही कुणी चिमटा दिला तर मी घेणार नाही.

अधिकाराचं उत्तर मात्र यातून मिळत नाही. माझं उत्तर असं: तुझ्या तळ्यांवर आम्ही तुला न विचारताच हजार निर्णय घेतो. भराव घालतो, रस्ता काढतो, पाणी वळवतो. ते निर्णय तुला काहीही न कळवता, तुझ्याविषयी काहीही न जाणता घेण्यापेक्षा तुला काही मिनिटं घाबरवून जाणून घेणं बरं. यापेक्षा उदात्त समर्थन माझ्यापाशी नाही.

तू म्हणशील, जाळी कशाला, उपग्रह आहेत ना. आहेत, पण ते थोरामोठ्यांसाठी. ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांच्या पाठीवर बीएनएचएसने 2022 मध्ये यंत्रं बसवली आणि ते गुजरातेत कधी गेले, कुठे थांबले हे मुंबईत बसून पाहता आलं. 2022 मध्येच शेपटीवर पट्टे असलेला एक गॉडविट अलास्कातून निघाला आणि कुठेही न थांबता टास्मानियाला उतरला. अकरा दिवस, सुमारे 13,560 किलोमीटर. पाठीवर यंत्र नसतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. आमच्या छत्तीसगढातही 2024 मध्ये बेमेतरा-खैरागढच्या बाजूला जीपीएस लावलेल्या एका व्हिंब्रेलचा फोटो पक्षीप्रेमींनी टिपला आणि इथल्या पेपरांत ती बातमी झाली. पण व्हिंब्रेल तुझ्या पंधरापट वजनाचा. पक्ष्यावर लादायचं ओझं त्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा दंडक आहे. तुझे पंचवीस ग्रॅम धरले तर पाऊण ग्रॅम. यंत्रं दरवर्षी हलकी होताहेत, तरी उपग्रहाशी बोलणारं यंत्र तुला अजून जडच. सूर्य कधी उगवला, कधी मावळला एवढंच नोंदवून त्यावरून जागा काढणारं एक हलकं उपकरण असतं. पण ते वाचायला तोच पक्षी पुन्हा पकडावा लागतो. म्हणून तुझ्यासाठी उरतो तो जुना वाळा, वजन नगण्य, बॅटरी नको, तुझ्या आयुष्यभर टिकणारा.

त्याची खोट एकच. तो स्वतः काही सांगत नाही. कुणीतरी तो वाचावा लागतो, आणि वाचायला तू पुन्हा हाती यावा लागतोस किंवा मरून पडावा लागतोस. बारक्या पक्ष्यांत तसा पुन्हा सापडणारा हजारात एखादाच. म्हणून अलीकडे वाळ्याबरोबर पायाला रंगीत झेंडी लावतात. कुठल्या देशात, कुठल्या जागी पकडला त्याप्रमाणे रंग ठरलेला, आणि वर दोन-तीन अक्षरं. ती दुर्बिणीतून किंवा लांब लेन्सच्या कॅमेऱ्यातून वाचता येतात, पक्ष्याला हात न लावता. रशियाच्या कामचाटका द्वीपकल्पात अशी झेंडी लावलेला ग्रेट नॉट पक्षी केरळात चावक्काडच्या किनाऱ्यावर दिसला. ते पक्षी प्रामुख्याने आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडे जातात. मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकदंब विदर्भातल्या तळ्यांवर दिसतात, ते असेच कुणाच्या तरी कॅमेऱ्यात सापडलेले.

आणि बी-95. तुझ्या गोतातला, रेड नॉट. फेब्रुवारी 1995 मध्ये अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला त्याला पकडून वाळा घातला, पुढे केशरी झेंडीवर ही अक्षरं आली. दरवर्षी तिथून कॅनडाच्या आर्क्टिकपर्यंत जाणं आणि येणं. लोकांनी हिशेब केला तेव्हा पृथ्वीपासून चंद्रापर्यंत आणि परतीच्या अर्ध्या वाटेपर्यंतचं अंतर त्याच्या नावावर जमा झालं होतं. 2014 मध्ये तो शेवटचा दिसला. विसाव्या वर्षाच्या घरात असलेला हा पक्षी दर वसंतात अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरावर उतरायचा, कारण तिथल्या वाळूत घोड्याच्या नालेच्या आकाराचे खेकडे अंडी घालतात आणि ती खाऊन पुढच्या उड्डाणाची चरबी साठते. ते खेकडे माणसांनी मासेमारीच्या आमिषासाठी बेसुमार उचलले तेव्हा नॉट उपाशी निघाले, वाटेत संपले. हे समजलं ते झेंड्या वाचून आणि पक्षी तोलून. खेकडे पकडण्यावर बंधनं आली. एका थांब्यावरचं खाणं गेलं तर हजारो मैलांवरची वीण कोसळते, हे तिथे आकड्यांनी सिद्ध झालं.

वाळा फक्त वाट सांगतो असं नाही. हातात आलेला पक्षी यंदाचा पोर आहे की जुनाजाणता, हे पिसांवरून कळतं. पोरांची पिसं एकसारखी ताजी, कडा फिकट. मोठ्यांची झिजलेली, अर्धी बदललेली. दरवर्षी हातात येणाऱ्यांत पोरं किती, हे लिहीत गेलं की एक विलक्षण गोष्ट दिसते. तुझ्याच टुंड्रावर वीण करणाऱ्या बाकचोच तुतवारांच्या बाबतीत ती आफ्रिका-युरोपातल्या अभ्यासकांनी पाहिली. काही वर्षं पोरांचा सुकाळ, काही वर्षं जवळजवळ शून्य. कारण शोधता शोधता ते पोचले लेमिंग नावाच्या उंदरापर्यंत. लेमिंग उदंड झाले की टुंड्रावरचे कोल्हे ते खातात आणि पक्ष्यांची पिल्लं वाचतात. लेमिंग आटले की कोल्हे घरट्यांकडे वळतात. दक्षिणेतल्या एखाद्या चिखलावर यंदा पोरं कमी का, याचं उत्तर सायबेरियातल्या उंदरांच्या बिळात असतं. तुमच्यात तर आणखी एक सोय आहे. तुमची मादी पुष्कळदा दोनदा अंडी घालते, एका घरट्यावर नर बसतो, दुसऱ्यावर ती स्वतः. थोड्या दिवसांच्या उन्हाळ्यात दुप्पट संसार. पिल्लं उडायला लागण्याच्या आगेमागे मोठी माणसं निघूनही जातात. पोरं मागाहून, न दाखवलेल्या वाटेने, बरोबर येतात. आमच्याकडे पोराला दुर्गहून नागपूरला एकटं पाठवायचं तर आई चार वेळा फोन करते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की कुरुदबद्दल बोलायचंय.

वाळ्यांचं काम कुठे झालं ते नकाशावर पाहा. तमिळनाडूतलं कोडियाक्कराई म्हणजे पॉइंट कॅलिमियर, ओडिशातलं चिल्का, राजस्थानातलं भरतपूर, अलीकडे ठाण्याची खाडी. एस. बालचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीएनएचएसच्या अनेक दशकांच्या नोंदी एकत्र करून 2018 मध्ये भारतीय पक्षी-स्थलांतराचा अॅटलास काढला. त्यामागचं कष्टाचं काम पाहून हात जोडावेसे वाटतात. पण मोठी कामं मोठ्या पाण्यावर होतात, ते साहजिकच आहे. एका जाळ्यात शेकडो मिळतील तिथेच माणूस जाळं लावणार. मधला हा पट्टा, गोंदिया ते रायगढ, त्यातली गावागावांतली तरिया आणि डबरी, तिथे तुम्ही पाच-दहा-पंधराच्या टोळीने उतरता. इथे कुणी जाळं लावत नाही, लावावं असंही नाही. मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणून जो तीस देशांचा पट्टा सांगतात, त्यात आम्हीही येतो. पण किनाऱ्यावरची ठिकाणं ठळक, आमची जागा कोरी. तू चिल्क्याला जाताना वाटेत इथे चार दिवस थांबतोस की पूर्ण हिवाळा काढतोस, यावर या तळ्यांचं महत्त्व ठरतं. थांबा असेल तर डेलावेअरसारखा आणि मुक्काम असेल तर घर.

आणि हे ठरण्याआधीच तुझा चिखल जातोय. तळ्याची सुधारणा करायची म्हणजे काठाला चारी बाजूंनी दगड किंवा काँक्रीट लावायचं, वरून फरशीची पायवाट, रंगीत दिवे, मध्ये कारंजं. शहरोशहरी हेच चित्र आहे, नागपुरातही आणि इकडेही. फिरायला येणाऱ्या माणसाला बरं वाटतं. सांजच्याला मीही फिरतो. पण तुझ्या पायाची उंची बोटाच्या दोन पेरांएवढी. तुला दोन-तीन सेंटिमीटर पाणी आणि मऊ चिखल लागतो. दगडी काठावर पाणी एकदम खोल सुरू होतं. बदकं पोहतात, कमळं फुलतात, फोटो छान येतो आणि तू बाद होतोस. गावकऱ्यांनी खोदलेल्या जुन्या तरियांना उतरते मातीचे काठ असत. गुरं पाण्याला उतरावीत म्हणून ते तसे ठेवलेले. तुझी सोय त्यात आपोआप झाली. पाणी ओसरलं की रोज नवा पट्टा उघडा पडायचा आणि त्यातले किडे तुला मिळायचे.

तुझ्या नावाचं हे पत्र उघडंच आहे, तेव्हा शेवटचे चार शब्द वाचणाऱ्यांना.

डिसेंबर ते मार्च जवळच्या तळ्याच्या चिखलकाठावर नजर टाका. बारके, तुरुतुरु पळणारे पक्षी दिसतील. पाय काळे असतील तर हा छोटा टिलवा, पिवळसर-हिरवे असतील तर त्याचा भाऊबंद टेमिंकचा टिलवा. पाय पाहतच आहात तर आणखी थोडा वेळ पाहा. धातूचा वाळा किंवा रंगीत झेंडी दिसली तर फोटो काढा: कुठला पाय, गुडघ्याच्या वर की खाली, रंग कोणता, अक्षरं कोणती. तारीख आणि गावाचं नाव लिहा आणि मुंबईच्या हॉर्नबिल हाऊसमध्ये बीएनएचएसला कळवा. मेलेला पक्षी सापडला तर वाळ्यावरचा क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्या आणि कळवा. जिवंत पक्ष्याचा वाळा काढू नका, त्याला पकडू नका, झेंडी वाचण्यासाठी त्याच्या मागे धावून उडवूही नका. वाळा म्हणजे हेरगिरी नव्हे. असे पक्षी धरून पोलिसांत नेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या हसून सोडण्यासारख्या नाहीत. मासे धरणाऱ्या केवट-ढीमर मंडळींना हे आवर्जून सांगा, कारण पाण्याकाठी आपल्यापेक्षा तेच जास्त असतात.

आणि तुमच्या गावच्या तळ्याचा आराखडा ठरत असेल, बैठकीला बोलावणं आलं असेल, तर जा. एवढंच मागा की चारपैकी एक काठ तरी मातीचा, उतरता आणि बिनदगडाचा ठेवा.

कळावे, लोभ असावा.

कुरुदकर